दवाखान्यात न येणाऱ्या बायका

भोपाळच्या अवधपुरीत आमच्या घराच्या तळमजल्यावर माझा दातांचा दवाखाना आहे. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो: मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. ते तरुणपणी नागपूरहून इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि तपासणी विभागातून निवृत्त झाले. तयार होऊन आलेला भाग मापात आहे की नाही हे ठरवणं त्यांचं काम. 'पास' म्हणायला त्यांना फार वेळ लागायचा, असं त्यांचे जुने सोबती अजून सांगतात. मी इंदूरची. लग्न करून भोपाळला आले, दवाखाना टाकला आणि पंधरा वर्षं दात काढले, दात बसवले. त्यात मला काही कमी वाटत नव्हतं.

मग एक दिवस एक बाई आली. वय तिशीच्या आसपास. जुन्या भोपाळात राहणारी, घरी जरीकाम करणारी. बटवे, दुपट्ट्यांचे काठ, लग्नातल्या ओढण्या. आमच्या भागात बहिणीकडे आली होती आणि दाढ ठणकायला लागली म्हणून बहिणीने तिला माझ्याकडे आणलं. मी खुर्ची मागे केली, दिवा तोंडावर आणला आणि म्हटलं, "मुँह पूरा खोलिए."

ती म्हणाली, "पूरा ही खुला है, डॉक्टर साहब."

माझं एक बोट आत गेलं, दुसरं गेलं नाही. धडधाकट माणसाच्या तोंडात उभी तीन बोटं सहज मावतात. तिच्या गालांची आतली बाजू पांढुरकी, ताठ झाली होती. सुपारी वर्षानुवर्षं गालात धरली की असं होतं. आधी तिखट झोंबायला लागतं, मग कातडीची लवचीकता जाते आणि तोंड हळूहळू मिटत जातं. पुढे त्यातूनच कॅन्सरही होऊ शकतो. असे पुरुष मी पुष्कळ पाहिले होते. रिक्षावाले, दुकानदार, अगदी बँकेतले साहेबसुद्धा. ते आले की मी त्यांना भरपूर सुनवायची, सुपारीच्या पुड्या सोडायला लावायची, तोंडाचे व्यायाम शिकवायची. पण हिला मी रागावू शकले नाही. मी विचारलं, "केव्हापासून असं आहे?"

"दो-तीन साल से रोटी छोटी-छोटी तोड़ के खाती हूँ. घर में किसी को मालूम नहीं."

तीन वर्षं एक बाई घरातल्या सगळ्यांबरोबर जेवते आणि तिचं तोंड उघडत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. दाढेचं जे करता आलं ते मी केलं, व्यायाम शिकवले, पुढची तारीख दिली. ती गेली, पण "पूरा ही खुला है" काही गेलं नाही.

माझी एक वर्गमैत्रीण दंतवैद्यक सोडून सार्वजनिक आरोग्याकडे वळली होती. तिला फोन करून मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, मलाही काहीतरी शिकायचंय, एखादा कोर्स सांग. ती म्हणाली, "कोर्स करायचा असेल तर खूप आहेत. वर्ग असतात, परीक्षा असतात, दोन वर्षांत पदवी मिळते. पण तू जे बोलते आहेस तो कोर्स नाही. तो प्रश्न आहे. तुला संशोधनाची पदवी करायला हवी. तिथे तुला कोणी प्रश्न देत नाही, तुझा तू घेऊन जायचा."

"आणि घेतात का आपल्यासारख्यांना?"

"प्रश्न चांगला असेल तर घेतात."

घरी जेवताना मी जाहीर केलं की मी पीएच.डी.साठी अर्ज करणार. नवऱ्याने पोळीचा घास हातात तसाच ठेवला. "चांगला चालता दवाखाना आहे," तो म्हणाला, "दमली असशील तर महिनाभर सुट्टी घे." बाबांनी फक्त विचारलं, "दवाखान्याचं काय करणार?" मी म्हटलं, आठवड्यातले थोडे दिवस संध्याकाळी चालवीन. "बरं," ते म्हणाले आणि ताक वाढून घेतलं. त्या 'बरं'चा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

पहिल्या वर्षी मी तीन ठिकाणी अर्ज केले. प्रवेश परीक्षांचा अभ्यास केला. कॉलेज सुटल्यापासून ज्याचं तोंड पाहिलं नव्हतं ते संख्याशास्त्र पुन्हा उघडलं. संशोधनाचा आराखडा लिहिला. तो लिहिताना मला फार अभिमान वाटत होता. पंधरा वर्षांत पाहिलेले रुग्ण, त्यांची वयं, त्यांच्या सवयी, कोण किती उशिरा आलं, सगळं त्यात होतं. शिवाय आपल्याला मार्गदर्शन करतील अशा प्राध्यापकांना आधी पत्र लिहायचं असतं, असं मैत्रिणीने बजावलं होतं. मी लांबलचक ई-मेल लिहिले. त्यात त्यांच्या कामाची स्तुती होती, माझ्या अनुभवाची स्तुती होती. एकाचंही उत्तर आलं नाही.

दोन ठिकाणी मुलाखतीपर्यंतही पोचले नाही. तिसऱ्या ठिकाणी पोचले. लॅपटॉपच्या पडद्यावर चार चेहरे. एकाने विचारलं, "तुमच्या अभ्यासातले लोक कोण?" मी ऐटीत सांगितलं, "माझे रुग्ण." चौघांनी खाली बघून काहीतरी लिहिलं. पुढचे प्रश्न त्यांनी नुसते विचारायचे म्हणून विचारले, हे मला तेव्हाच कळलं होतं. यादीत माझं नाव नव्हतं.

भोपाळात पंधरा वर्षं सगळे मला 'डॉक्टर साहब' म्हणत आले होते. भाजीवाला मला वांगी निवडून देतो. त्यामुळे नापास होण्याची सवय मोडली होती.

आणि मग त्या प्राध्यापकांपैकी एका बाईंचं उत्तर आलं, पत्र पाठवून बरेच महिने झाल्यावर. दक्षिणेतल्या एका संस्थेत त्या शिकवतात. उत्तर दोन ओळींचं होतं: तुमच्याकडे येणाऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलं आहे. जे येत नाहीत त्यांचं काय?

आधी मला राग आला. एवढं लिहून पाठवलं, आणि हे? मग दोन पेशंटच्या मधल्या वेळात ते पुन्हा वाचलं आणि खुर्चीत टेकून बसले. खरंच की. दाढ दुखली नसती तर ती बाई माझ्याकडे कधीच आली नसती. मी पंधरा वर्षं दारात उभी राहून दारातून आत आलेल्यांची मोजदाद करत होते.

ती जरीवाली ठरल्या तारखेला आली. व्यायाम मनापासून करत होती. तोंड किंचित जास्त उघडायला लागलं होतं. मी तिला विचारलं, "मी एखाद्या दिवशी तुमच्या घरी येऊ? तुम्ही काम कसं करता ते बघायला. नुसतं बघायला." ती संकोचली. मग म्हणाली, "आ जाओ. पर वहाँ कुर्सी नहीं है."

खुर्ची नव्हतीच. एक लांबट खोली, रस्त्याकडे एक खिडकी आणि खिडकीला लागून लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं मरून मखमली कापड. त्याभोवती चार बायका जमिनीवर मांडी घालून, मान खाली घालून बसलेल्या. मी त्यांच्याजवळ बसले. काही लिहून घेतलं नाही, फोन पर्समध्येच ठेवला. आपण कोण, कशासाठी आलो ते सांगितलं, आणि कुणाला नको असेल तर मी जाते, असंही म्हटलं. एक म्हातारी बाई हसून म्हणाली, "बैठो बैठो, हम कौन सा परदे में हैं." ती दात मिटूनच बोलत होती. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तिला उघडताच येत नाहीत.

मी सकाळची बसले होते. दुपार झाली तशी मला कडकडून भूक लागली. चौघींपैकी कुणीही उठलं नाही. पुड्या तेवढ्या फिरत होत्या. एकीने माझ्याकडेही हात केला, "लो, भूख मर जाएगी."

मी नको म्हटलं आणि विचारलं, "जेवत का नाही?"

माझ्याकडे येणाऱ्या बाईने हात वर करून दाखवले. बोटं कोरडी, स्वच्छ. जेवलं की हाताला तेल लागतं, हात कितीही धुतले तरी मखमलीवर उठतं, आणि डाग पडलेलं कापड ठेकेदार घेत नाही. शिवाय खिडकीतला उजेड असतो तोवरच बारीक टाके दिसतात. सुपारीची पुडी दातांनी फाडायची, तोंडात ओतायची, हाताला काही लागत नाही. जेवण अंधार पडल्यावर.

मी तिथे बसले होते, पोटात कावळे ओरडत होते, आणि माझा सगळा आराखडा माझ्या डोळ्यांसमोर उलटा होत होता. मी त्यात 'व्यसन' असं लिहिलं होतं. 'जागृतीचा अभाव' असंही लिहिलं होतं. इथे सुपारी म्हणजे दुपारचं जेवण होतं. हे भिंतीवर लावलेल्या पोस्टरने सुटणारं नव्हतं; ते कामाच्या तासांत, उजेडात आणि मखमलीत अडकलेलं होतं. आणि यातलं काही खरं आहे की मला एकाच खोलीत बसून तसं वाटतंय, हेही मला माहीत नव्हतं. तेच तर शोधायला हवं होतं.

निघताना मी त्या म्हातारीला म्हटलं, दवाखान्यात या, मी बघते. ती म्हणाली, "दर्द तो है नहीं, बेटा." दुखत नाही, मग डॉक्टरकडे कशाला जायचं?

त्याच आठवड्यात मी त्या प्राध्यापकबाईंना पुन्हा लिहिलं. या वेळी स्तुती नव्हती. मी कुठे गेले, काय पाहिलं, आता मला काय विचारावंसं वाटतं आणि मला काय माहीत नाही, एवढंच. त्यांचं उत्तर चार दिवसांत आलं: अर्ज करा.

दुसऱ्या वर्षीच्या तयारीत घरातलं वातावरण बदललं. अर्जाला जुन्या शिक्षकांची शिफारस लागत होती. एवढ्या वर्षांनी कोण ओळखणार? माझे एक निवृत्त सर इथेच शाहपुऱ्याला तलावाजवळ राहतात. मी धीर करून गेले. त्यांनी मला ओळखलं नाही, पण हाकललंही नाही. गॅलरीत बसवलं आणि म्हणाले, "पुरानी बात छोड़ो, यह बताओ कि अब क्या करना चाहती हो." मी सांगत गेले. मध्येच त्यांनी आतून पत्नीला बोलावलं, "सुनो, तुम भी सुनो," आणि मला पहिल्यापासून सांगायला लावलं. शिफारस त्यांनी स्वतः टंकून पाठवली.

आणि बाबा. एका रविवारी ते मटार सोलत बसले होते. मी शेजारी बसून आराखड्यातली वाक्यं मोठ्याने वाचत होते. "जरीकाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये सुपारीचं प्रमाण जास्त आहे," मी वाचलं.

"कशावरून?" बाबा म्हणाले. डोकं वर न करता.

"मी पाहिलं, बाबा."

"चार बायका पाहिल्यास. कशावरून जास्त? कोणापेक्षा जास्त?"

मी पेन्सिलने वाक्य खोडलं. पुढचं वाचलं. त्यावरही "कशावरून?" मटार संपले तोपर्यंत पहिल्या पानावर तीन वाक्यं शिल्लक होती. मी चिडून म्हटलं, "असं केलं तर लिहू काय?"

"जे शिल्लक राहतं ते," बाबा म्हणाले. "कारखान्यात पोरं भाग घेऊन यायची, साहेब, अगदी बरोबर आहे म्हणायची. मी म्हणायचो, तुझं मत नको, माप दाखव. शिव्या घालायची मला. पण ती यंत्रं अजून फिरतायत."

त्या दिवसापासून रोज चहाच्या वेळी आमची मुलाखत व्हायची. बाबा टेबलाच्या पलीकडे, इस्त्रीचा शर्ट घालून. हो, शर्ट बदलून बसायचे. नवराही कधीकधी दुसरा परीक्षक म्हणून बसायचा आणि मला मुद्दाम वाकडे प्रश्न विचारायचा. एकदा मी बाबांच्या एका प्रश्नावर सरळ म्हटलं, "हे मला आत्ता माहीत नाही. पण ते कसं शोधायचं ते सांगते." बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पास."

खरी मुलाखत त्या दक्षिणेतल्या गावी, समोरासमोर होती. मी एकटीच गेले. बाहेर बाकावर बसलेली बाकीची मुलं पंचविशीची. त्यातल्या एकीने मला कुणाची तरी आई समजून पाण्याची बाटली पुढे केली. मी घेतली, तहान लागलीच होती.

आत पाच जण होते. ज्या बाईंनी मला उत्तरं लिहिली होती त्या कोपऱ्यात बसल्या होत्या, माझ्यापेक्षा वयाने लहान निघाल्या. एका वयस्कर सदस्याने विचारलं, "तुम्ही त्या खोलीत दिवसभर बसलात. मग काय नोंदी केल्या?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"का? एवढी संधी होती."

"त्या बायकांनी मला बघायला परवानगी दिली होती, नोंदवायला नाही. आणि संशोधन म्हणून काही विचारायचं तर आधी नैतिक समितीची मंजुरी लागते. ती मिळाली की त्यांना सगळं समजावून सांगून पुन्हा विचारीन. नाही म्हणाल्या तर नाही."

ते मागे टेकले. दुसऱ्या एकाने विचारलं, "पंधरा वर्षांनी संख्याशास्त्र झेपेल?"

"सुरुवातीला चुकेल," मी म्हटलं. "मग झेपेल."

"आणि तुमचा अंदाज चुकीचा निघाला तर? कामाचा आणि सुपारीचा काही संबंधच नाही असं दिसलं तर?"

"तर तसंच लिहीन."

मी हे बोलले आणि मला जाणवलं की मला ते खरंच चालणार आहे. मागच्या वर्षी चार चेहऱ्यांपुढे मी माझ्या अनुभवाचा डोंगर उभा केला होता आणि त्याच्याआड लपले होते. या वेळी हातात तीन वाक्यं आणि पुष्कळसं 'माहीत नाही' होतं, आणि मी ताठ बसले होते. खोलीतून बाहेर आले तेव्हा निवड होईल की नाही ते ठाऊक नव्हतं. पण स्वतःबद्दल इतका अभिमान मला पदवी मिळाली त्या दिवशीही वाटला नव्हता.

निकाल आला तेव्हा मी एका गृहस्थांच्या दाढेत सिमेंट भरत होते. फोन वाजला, मदतनीस मुलीने पडद्यावरचं वाचून माझ्याकडे मोठे डोळे केले. मी आधी दाढ पूर्ण केली. सिमेंट थांबत नाही. मग हातमोजे काढले आणि वाचलं. जिन्यातून वर हाक मारली, "बाबा, झालं!"

बाबा घरच्या चपलांतच खाली आले. बाहेर बसलेल्या पेशंटना त्यांनी हिंदीत जाहीर केलं, "हमारी बहू का रिज़ल्ट आया है." गाल सुजलेला एक माणूस उठून उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. कशाचा रिझल्ट हे कोणालाच माहीत नव्हतं. बाबांनी कोपऱ्यावरून पेढे मागवले आणि दातांच्या दवाखान्यात बसलेल्या लोकांना आग्रह करकरून खायला घातले. मीही एक उचलला.

जानेवारीत, तिकडे रुजू व्हायच्या आधी, नणंदेकडे हळदीकुंकू होतं. ती तुलसीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. तिथे जमलेल्या बहुतेक बायका मराठी: कुणी नागपूरकडून बदलून आलेल्या, कुणी ग्वाल्हेरच्या, कुणी उज्जैनच्या. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला, आणि एका आजींनी मला विचारलं, "अगं, तू डॉक्टर तर होतीसच. आता परत कसली डॉक्टर होणार आहेस?"

बायका हसल्या. मीही हसले. आणि मग सांगायला लागले. आजवर हे सगळं मी इंग्रजीत लिहिलं होतं, मुलाखतीतही इंग्रजीतच बोलले होते; घराबाहेर मराठीत सांगायची ही पहिलीच वेळ. मराठीत सांगताना एकेक शब्द शोधावा लागत होता, पण सापडत होता. खिडकी, मखमल, कोरडी बोटं, दुपारची भूक. दुखत नाही म्हणून डॉक्टरकडे न जाणारी म्हातारी. हळूहळू खोलीतला गलका कमी झाला. एकीने विचारलं, शाळेतल्या बायकांचं काय, त्याही दिवसभर खात नाहीत. दुसरी म्हणाली, दुकानात बसणाऱ्यांचं बघ की. नणंद वाट्या गोळा करता करता दारातच थांबली.

निघायच्या वेळी, चपला घालताना, त्यातल्या एक बाई माझ्याजवळ आल्या. चांगल्या पदावरून निवृत्त झालेल्या, टापटीप. इकडेतिकडे बघून त्यांनी पर्स उघडली आणि आतला सुपारीचा छोटा चांदीचा डबा दाखवला.

"जेवणानंतर घेते," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली. तिखट हल्ली सहन होत नाही. येऊ का मी तुझ्याकडे?"

"उद्याच या," मी म्हटलं. "सकाळी."